गॅलरीच्या दारावर सलाम

गेल्या ईदनंतर मुरबाडहून खालांचा फोन आला. खालूंनी नातवाला मांडीवर घेतलेला एक फोटो सुनेच्या मोबाइलमध्ये आहे, त्याची कॉपी काढून हवी होती. "मोबाइल परवा बंद पडला होता. पुन्हा पडला आणि उघडलाच नाही तर?" एवढेच त्या म्हणाल्या. खालूंचा इंतकाल होऊन दोन वर्षे झाली. भिंतीवर फोटो लावण्याची त्यांच्या घरात पद्धत नाही. फोटो कपाटातल्या अल्बममध्ये ठेवायचा होता, नातू मोठा झाल्यावर त्याला दाखवायला.

पूर्वी हे काम सोपे होते. छत्तीस फोटोंचा रोल संपला की स्टुडिओत धुवायला टाकायचा आणि काही दिवसांनी फोटोंचे पाकीट निगेटिव्हसह घरी आणायचे. आता मोबाइलमध्ये फोटो हजारो आहेत आणि हातात एकही नाही. आम्ही शहापूरहून मुरबाडला गेलो तेव्हा म्हटले, दुकानाची फेरी कशाला, अ‍ॅपवरून प्रिंट मागवता येतात. मोठ्या दुकानांचे असे एक अ‍ॅप सुनेच्या मोबाइलवर घेतले. पुढचे तिला आणि खालांनाच करू दिले. आम्ही शेजारी बसून पाहत राहिलो.

अ‍ॅपने पहिल्याच पडद्यावर सगळ्या फोटोंची परवानगी मागितली. सूनबाई थांबली. तिच्या गॅलरीत माहेरच्या निकाहचे फोटो होते, बहिणींचे घरातले फोटो होते, आधार आणि बँकेच्या पासबुकाचेही फोटो होते. तिने "नाही" दाबले, तर अ‍ॅपने पुन्हा तेच विचारले. "एक फोटो द्यायचा आहे, सगळे कपाट कशाला उघडायचे?" ती म्हणाली. अखेर नाइलाजाने "हो" दाबले.

मग फोटो निवडला, तर खालूंची टोपी कापली गेली. मोबाइलचा आडवा फोटो बहुधा चारास तीन या प्रमाणात असतो आणि चार बाय सहा इंचाचा कागद तिनास दोन या प्रमाणात. म्हणून कागद पूर्ण भरायचा तर फोटोच्या उंचीचा नववा भाग कापावा लागतो. पांढरी किनार ठेवून पूर्ण फोटो छापता येतो, पण ती सोय शोधूनही सापडली नाही. त्यानंतर एक लाल त्रिकोण आणि इंग्रजीत इशारा आला. दुकान निवडायची वेळ आली तेव्हा जवळचे म्हणून कल्याणचे दुकान दाखवले. मुरबाडला रेल्वे नाही. एका फोटोसाठी एसटीने कल्याण गाठायचे आणि परत यायचे!

अर्ध्या तासाने खालांनी मोबाइल बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "राहू दे बेटा, आम्ही अडाणी. आम्हाला नाही जमणार."

हे वाक्य आमच्या मनात सलत राहिले. ज्या बाईने चार मुलांचे घर सांभाळले, शेतीचा हिशेब तोंडपाठ ठेवला, ती एका अ‍ॅपपुढे स्वतःला अडाणी ठरवते. चूक कोणाची? दार इतके बुटके केले की येणाऱ्याचे डोके आपटते, तर दोष येणाऱ्याचा नसतो, सुताराचा असतो.

अ‍ॅप बनवणाऱ्यांच्या विद्येतही हेच शिकवतात. वापरणाऱ्याला नुसते "आवडले का?" विचारून भागत नाही. पाहुण्याला जेवण कसे झाले विचारले तर तो "छान" असेच म्हणणार. त्याऐवजी त्याच्या हाती काम द्यायचे, मनात येईल ते बोलायला सांगायचे आणि आपण गप्प बसून तो कुठे अडतो ते पाहायचे. या विषयातले जाणकार जेकब नील्सन यांनी 2000 साली लिहिले की अशा पाहणीला शेकडो माणसे लागत नाहीत. पाच जणांबरोबर बसले तरी बहुतेक अडचणी उघड्या पडतात. मात्र ते पाच जण कोण, हे महत्त्वाचे. पाचही जण मुंबईच्या कचेरीतले असतील, तर मुरबाडच्या खालांची अडचण कोणाच्या कागदावर येणार?

खालांजवळ कोणी बसले असते, तर अ‍ॅपने आधी एकच फोटो मागितला असता. कुठे कापले जाणार ते मराठीत विचारले असते आणि फोटो टपालाने घरी येईल का, हे सुरुवातीलाच सांगितले असते. दुसऱ्याच्या घरात शिरण्याआधी सलाम करून परवानगी घ्यावी आणि परत जा म्हटले तर परत जावे, ही सूरह नूरची तालीम आपण मुलांना देतो. आजच्या बाईचे अर्धे घर तिच्या मोबाइलमध्ये असते. त्या दारावरही हाच अदब हवा.

तोवर आपल्या हाती काय आहे? अँड्रॉइड 14 पासून आणि आयफोनवर 2020 पासून निवडक फोटोंचीच परवानगी देता येते. अ‍ॅपने विचारल्यावर तोच पर्याय निवडावा. तो लाल त्रिकोण फोटो लहान असल्याचा होता, कारण तो व्हॉट्सअ‍ॅपवरून आला होता. चार बाय सहाच्या चांगल्या प्रिंटसाठी साधारण 1200 बाय 1800 पिक्सेल लागतात, आठ बाय दहासाठी 2400 बाय 3000. व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या रीतीने पाठवलेला फोटो आक्रसतो. म्हणून तो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवावा म्हणजे मूळ आकार टिकतो. स्टेटसचा स्क्रीनशॉट छापायला देऊ नये.

स्टुडिओतही सावध राहावे. दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅप नंबरवर पाठवलेला फोटो तिथल्या मोबाइलवर आणि कॉम्प्युटरवर राहतो. शक्यतो पेनड्राइव्हवर फक्त हवा तोच फोटो न्यावा आणि काम झाल्यावर दुकानदाराला समोरच पुसायला सांगावे. यात संकोच नको. आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क 2023 च्या डिजिटल माहिती संरक्षण कायद्यातही मांडला आहे. आणि कायद्याच्या आधीपासून आपल्याकडे अमानत हा शब्द आहेच.

शेवटी खालूंचा फोटो आम्ही शहापूरच्या स्टुडिओत छापला. सुनेने मूळ फोटो ज्या भाच्याने काढला होता, त्याच्याकडून पुन्हा मागवला. पांढरी किनार ठेवली, टोपी शाबूत राहिली. दोन कॉप्या काढल्या, एक खालांकडे आणि एक आमच्याकडे, म्हणजे एका घरात पाणी शिरले तरी दुसरी राहील. पाकीट हातात घेतल्यावर खालांनी आधी विचारले, "त्याने दुकानातून काढून टाकला ना?" आम्ही हो म्हटले, तेव्हा त्यांनी पाकीट उघडले.

आपल्या घरांतली कितीतरी मुले-मुली आज कॉम्प्युटर शिकत आहेत. त्यांतली काही उद्या असलीच अ‍ॅप बनवतील. त्यांना आमची एकच विनंती. काम सुरू करण्याआधी एक दुपार आपल्या खालाजवळ, दादीजवळ बसा. मोबाइल तिच्या हातात द्या आणि आपला हात मागे ठेवा. ती अडली तर तिला समजावू नका, अ‍ॅप सुधारा.