सामुराईचा धर्म आणि धन्याचे कर्तव्य

जपान सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये आपल्या संरक्षणनीतीला नवे वळण दिले. संरक्षण व तदनुषंगिक खर्च २०२७ पर्यंत सकल उत्पादनाच्या दोन टक्क्यांच्या घरात नेण्याचा संकल्प त्या वेळी सोडण्यात आला. शस्त्रांसाठी पैसा उभा राहिला. माणसे मात्र उभी राहिनात. २०२३-२४ या आर्थिक वर्षात स्वसंरक्षण दलांना ठरविलेल्या संख्येच्या जेमतेम निम्मेच उमेदवार मिळाले. घटते जन्मप्रमाण आणि खासगी नोकऱ्यांचे आकर्षण ही त्याची उघड कारणे होत. परंतु ज्या देशाची ओळखच सामुराईंचा देश अशी आहे, तेथे हे घडावे याचे दुरून पाहणाऱ्यास नवल वाटते. आणि तरुण पिढी 'बुशिदो' म्हणजे सामुराईचा धर्म विसरली, असे निदान सहज ओठांवर येते. हा धर्म कोणी, केव्हा व कोणासाठी सांगितला हे पाहिले, तर ते निदान टिकत नाही.

१६१५ साली ओसाकाचा किल्ला पडला. त्यानंतर, शिमाबाराचे बंड वगळता, सुमारे अडीचशे वर्षे जपानात मोठे युद्ध झाले नाही. कमरेला दोन तलवारी लावणारा सामुराई या काळात प्रत्यक्षात तांदळाच्या मापाने वेतन घेणारा कारकून, वसुली अंमलदार किंवा पहारेकरी बनला होता. मरणाचा गौरव करणारा 'हागाकुरे' हा प्रसिद्ध ग्रंथ याच शांततेचे अपत्य होय. साग संस्थानातील यामामोतो त्सुनेतोमो याच्या बोलण्यावरून तो १७१६ च्या सुमारास सिद्ध झाला. या गृहस्थाने उभ्या आयुष्यात एकही लढाई पाहिली नव्हती. १७०० साली धनी वारला तेव्हा त्याच्यामागे प्राण देण्याची त्याची इच्छा होती. पण अशा सहमरणास बंदी असल्याने तो भिक्षू झाला.

पुढे मेइजी राजवटीने १८७३ साली सक्तीची लष्करभरती सुरू केली आणि १८७६ साली सामुराईंची तलवार व वंशपरंपरागत वेतन दोन्ही काढून घेतली. वर्ग संपला, आणि त्यानंतर त्याचा धर्म साऱ्या राष्ट्राचा म्हणून मांडला जाऊ लागला. इनाझो नितोबे यांचे बुशिदोवरील जगप्रसिद्ध पुस्तक १९०० साली अमेरिकेत, इंग्रजीत प्रसिद्ध झाले. तोक्यो विद्यापीठात अध्यापन केलेले बेसिल हॉल चेंबरलेन यांनी १९१२ साली हा एक नव्याने घडविलेला पंथ आहे, असे स्पष्ट बजावले होते.

या धर्माचे सारेच फळ कडू होते असे मात्र नव्हे. १९०४-०५ च्या युद्धात रशियन कैद्यांना जपानने माणुसकीने वागविले, तेही याच बुशिदोचा हवाला देऊन. परंतु जानेवारी १९४१ मध्ये युद्धमंत्री हिदेकी तोजो यांनी सैनिकांसाठी जी आचारसंहिता काढली, तिने जिवंतपणी कैद होणे हा कलंक ठरविला. १९४३ साली विद्यार्थ्यांना मिळणारी लष्करभरतीतील सवलत बहुतांशी रद्द झाली, आणि ऑक्टोबर १९४४ पासून तरुण वैमानिकांना विमानांसह शत्रूच्या जहाजांवर आदळण्यास धाडण्यात आले. खुद्द तोजो मात्र सप्टेंबर १९४५ मध्ये, पिस्तुलाने आत्महत्येचा प्रयत्न फसून, अमेरिकनांच्या हाती जिवंत सापडले.

मूळच्या सामुराईला ही एकतर्फी निष्ठा मान्य झाली असती काय? १२७४ च्या मंगोल स्वारीत लढलेला ताकेझाकी सुएनागा दुसऱ्याच वर्षी थेट कामाकुराला गेला आणि आपल्या पराक्रमाचे इनाम मागून, मिळवून परतला. त्यात त्याला यत्किंचितही संकोच वाटला नाही. धन्याने जमीन व संरक्षण द्यावे, सेवकाने लढावे, असा तो उभयपक्षी करार होता. विसाव्या शतकातील राज्यकर्त्यांनी त्यातील सेवकाचे कर्तव्य तेवढे उचलले आणि धन्याचे सोयीस्करपणे गाळले.

आजच्या भरतीच्या प्रश्नाकडे याच दृष्टीने पाहिले पाहिजे. दलातच लैंगिक अत्याचार झाल्याची एका माजी महिला सैनिकाची तक्रार प्रारंभी दडपली गेली. तिने जाहीर दाद मागितल्यानंतर, डिसेंबर २०२३ मध्ये, फुकुशिमाच्या न्यायालयाने तिघा माजी सैनिकांना दोषी ठरविले. ज्या संस्थेत न्यायासाठी अब्रू पणाला लावावी लागते, तिच्याकडे तरुणांनी पाठ फिरविली तर दोष त्यांच्या निष्ठेचा कसा? डिसेंबर २०२४ मध्ये सैनिकांचे वेतन-भत्ते व राहण्याच्या सोयी सुधारण्याचे धोरण सरकारने ठरविले. हा मार्ग शहाणपणाचा आहे. त्याला न्यायाची हमीही जोडली पाहिजे. त्यागाची प्रवचने देण्यापेक्षा ते अवघड आहे, पण सुएनागाला कळणारी भाषा हीच होती. कर्तव्याचा उपदेश वरून खाली येऊ लागला की उपदेशकाने आपल्या वाट्याचे काय केले, हे विचारण्याचा अधिकार ऐकणाऱ्यास असतो. हा अधिकार जपानी सैनिकाइतकाच कोणत्याही देशातील शिक्षकाला आणि कारकुनालाही आहे.