हिरवा शिक्का

स्पेनमधल्या रिओहा प्रांताच्या लाल वाइनची बाटली उलटी फिरवा. पाठीमागे नियामक मंडळाचा छोटा शिक्का असतो. तांबडा असेल तर क्रियान्सा, गडद किरमिजी असेल तर रेसेर्वा, निळा असेल तर ग्रान रेसेर्वा. यांपैकी कशातच न बसणाऱ्या सगळ्या बाटल्यांना हिरवा. स्पेनमध्ये रोजच्या जेवणाबरोबर प्यायली जाणारी स्वस्त, कोवळी लाल वाइन याच हिरव्यात येते.

पहिले तीन रंग काळ मोजतात, त्यातही मुख्यतः लाकडातला काळ. क्रियान्सा किमान 2 वर्षांची हवी, त्यातले 1 वर्ष ओकच्या पिंपात. रेसेर्वाला 3 वर्षे, ग्रान रेसेर्वाला 5. द्राक्षे कोणत्या मळ्यातली, वेली किती जुन्या, वाइन कशी बनवली, यावर हे रंग गप्प आहेत.

आता हिरव्याखाली काय काय आहे ते पाहा. रिओहा अलावेसातल्या लागुआर्दिया, एल्सिएगो या गावांत कोसेचेरो, म्हणजे स्वतःच्या मळ्याची वाइन स्वतः बनवणारा शेतकरी, टेम्प्रानिल्यो जातीच्या द्राक्षांचे अख्खे घड न चिरडता हौदात ओततो. आंबण्याची सुरुवात मण्याच्या आतच होते. वाइन गडद आणि फळाळ उतरते, जिभेला फार तुरट लागत नाही. शरद ऋतूत तोडलेली द्राक्षे त्याच हिवाळ्यात पेल्यात आलेली असतात. वर्षभरात संपवावी, किंचित गार प्यावी. हिरवा शिक्का तिला. मोठ्या कारखान्याच्या पोलादी टाक्यांतल्या सरसकट मिश्रणालाही तोच. आणि लाकडाच्या हिशेबात अडकायला नकार देणाऱ्या काही नामांकित उत्पादकांच्या महागड्या बाटल्यांनाही तोच. महाग बाटलीला फरक पडत नाही, तिचे नाव तिला विकते. मार खातो तो कोसेचेरो. दुकानात गिऱ्हाईक थोडे जास्त पैसे टाकते आणि तांबडा शिक्का उचलते, कारण हिरव्यात काय आहे हे त्याला कोणी सांगितलेलेच नाही.

ओकच्या छोट्या पिंपांत वाइन मुरवण्याची बोर्दोची रीत रिओहात रुजली ती 19व्या शतकात. हौदाची रीत त्याहून पुष्कळ जुनी. सोन्सिएरा भागात खडकात कोरलेले मध्ययुगीन हौद आजही दिसतात. ज्या रीतीची वाइन हा मुलूख शतकानुशतके प्याला, तिला नियमात स्वतःचा रंग नाही.

मंडळाला बदल जमत नाही असेही नाही. 2017 मध्ये त्याने किमान 35 वर्षे जुन्या वेलींच्या एकेकट्या मळ्यांसाठी ‘विन्येदो सिंगुलार’ हा वेगळा वर्ग काढला. म्हणजे लाकूड सोडून जमिनीकडे पाहता येते. मग हौदाकडेही पाहावे. अख्ख्या घडांची, शेतकऱ्याने स्वतः बनवलेली, त्याच वर्षीची वाइन, एवढे शिक्क्यावर छापायला दोन ओळी पुरतात. येत्या हंगामाच्या बाटल्यांवर त्या दिसायला हव्यात.