जीवाणूचा माग

सुमारे ४२ लाख वस्तीच्या न्यूझीलंडमध्ये २००६ साली कॅम्पिलोबॅक्टर या जीवाणूमुळे होणाऱ्या अतिसाराच्या जवळपास १६ हजार रुग्णांची नोंद झाली. हा जीवाणू कोंबडी, गाय, मेंढी, रानपक्षी अशा अनेकांच्या आतड्यांत राहत असल्याने दोष नेमका कोणाचा, हे सांगणे सोपे नव्हते. मॅसी विद्यापीठाच्या संशोधकांनी मानावाटू भागातील रुग्ण, मांस आणि पाणी यांत सापडलेल्या जीवाणूंच्या सात जनुकांची तुलना करून प्रत्येक संसर्गाचा संभाव्य स्रोत काढला, तेव्हा बोट मुख्यतः कोंबडीच्या मांसाकडे वळले. परिसरविज्ञानात रुळलेले अवकाशीय संख्याशास्त्र, म्हणजे जवळच्या ठिकाणांची निरीक्षणे परस्परांशी निगडित असतात हे धरून केलेली गणिती मांडणी, अशा तपासाला पूरक ठरते. एखाद्या खेड्यात दोनच रुग्ण असतील, तर तो तुटपुंजा आकडा एकटा न वाचता शेजारच्या वस्त्यांच्या आधाराने तोलला जातो. ग्रामीण भागात, विशेषतः लहान मुलांत, गुरामेंढ्यांकडून येणाऱ्या संसर्गाचा वाटा शहरापेक्षा अधिक आढळला, आणि सरासरीत हाच फरक बुडून गेला असता. कोंबडीच्या मांसातील जीवाणूंवर २००७ पासून नियंत्रणे आली व २००८ पर्यंत रुग्णसंख्या निम्म्याहून खाली उतरली. तरीही २०१६ मध्ये याच देशातील हॅवलॉक नॉर्थ या गावी अतिवृष्टीनंतर मेंढ्यांच्या विष्ठेने पिण्याचे पाणी दूषित होऊन हजारो लोक आजारी पडले. एका स्रोताचा बंदोबस्त झाला म्हणून देखरेखीवरील खर्चाला कात्री लावणे कोणत्याही सरकारला परवडणारे नाही.