काटकसर कोणाच्या खिशातून?



तिजोरी आटली की सरकारला काटकसर आठवते. परिपत्रक निघते : नव्या गाड्या नकोत, रिक्त पदे भरू नका. मंत्रालयातली टेबले जागच्या जागी राहतात. गावाकडे मात्र एका तलाठ्याच्या गळ्यात दोन-तीन साझे पडतात.

खरी संधी एकदा आली होती. पाचव्या वेतन आयोगाने १९९७ साली केंद्राला सांगितले, पगार वाढवा आणि दहा वर्षांत नोकरवर्ग ३० टक्क्यांनी कमी करा. सरकारने पगारवाढ उचलली आणि कपातीचे पान मिटून ठेवले. राज्यांनीही मागोमाग पगार वाढवले. तेव्हा आपला कापूस एकाधिकार खरेदीत अडकलेला होता. १९७२ पासूनच्या त्या योजनेची तूट पुढे काही हजार कोटींवर गेली, तर बोट दाखवले ते शेतकऱ्याला दिलेल्या भावाकडे. व्याज, गोदामे, ग्रेडर आणि साहेबांचा खर्च त्यात किती होता, हे कोणी मोठ्याने बोलले नाही.

आता काटकसरीचे नवे नाव सुलभीकरण. २०२१ साली ई-पीक पाहणी आली. पूर्वी पेरा नोंदवणे तलाठ्याचे काम होते, ते आपल्यावर आले. मोबाईल आपला, रिचार्ज आपला, धुऱ्यावर उभे राहून फोटोही आपणच काढायचा. जंगलपट्ट्यात रेंज नाही म्हणून नोंद राहिली, तर उभी पऱ्हाटी सातबारावर दिसत नाही. २०२५ च्या हंगामापासून सीसीआयला कापूस घालायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर आधी नोंदणी. दरम्यान २०२४ साली तलाठ्याचे नाव ‘ग्राम महसूल अधिकारी’ झाले. पाटी लांबली, साझा काही आखूड झाला नाही.

यंत्राला आमचा विरोध नाही. सातबारा मोबाईलवर मिळतो, हे चांगलेच झाले. त्यासाठी मारलेले हेलपाटे कोण विसरेल? पण सगळेच हेलपाटे संपलेले नाहीत. वडशाहून गडचिरोली पन्नासेक किलोमीटर, सिरोंच्याहून तर दोनशेच्या वर. ऐन निंदणात एका सहीसाठी माणूस जातो, साहेब दौऱ्यावर असतात. एसटीचे भाडे गेले, मजुरी बुडाली. हा खर्च सरकारच्या कोणत्याच अंदाजपत्रकात येत नाही, म्हणून तो वाचवावा असे कोणाला वाटतही नाही.

आणि फाइल फिरण्याचा खर्च सरकारलाही चुकत नाही. वडसा-गडचिरोली रेल्वेमार्गाचेच बघा. मूळ अंदाज पाचशे कोटींच्या आतला. वनखात्याची परवानगी, निधी, पुन्हा प्रस्ताव, असे करता करता २०२२ साली राज्याला अकराशे कोटींच्या घरातला सुधारित खर्च मंजूर करावा लागला. किती शिपाई कमी केल्याने हे भरून निघेल?

म्हणून आमचे म्हणणे असे, की आधी सह्यांची कपात करा, माणसांचे नंतर बघू. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखल्याला मुदत ठरवली आहे. विनाकारण टाळणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. पहिली दोन अपिले त्याच खात्यातल्या वरिष्ठांकडे, ही त्यातली मेख. तरी अर्ज दिला की तारखेची पोच मागून घ्याच. पोचेशिवाय मुदत मोजणार कशी? वडशाच्या बैठकीला येताना त्या पोचा आणा. किती खेपा झाल्या, भाडे किती लागले, मजुरी किती बुडाली, हे तालुकावार मांडू आणि तो हिशेब जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवू. त्याचीही पोच घेऊ.