आधी श्वास ऐका, मग शिकवा!

मंडळी, परदेशात मराठी माणसानं चाळिशी ओलांडली की तो एकतर नाटक बसवतो, नाहीतर सायकल घेतो. मला अभिनय येत नाही, म्हणून मी सायकल घेतली. २००३ साली एम.एस्सी.साठी इंग्लंडला आलो, नंतर आयटीत कन्सल्टंट झालो. खुर्चीत बसून वाढलेलं पोट कमी करायचं, एवढाच हेतू होता. पण आज लिहितोय ते पोटाबद्दल नाही, श्वासाबद्दल. आणि थोडं रागानंच लिहितोय.

आमचा सात-आठ जणांचा गट रविवारी सरेमधल्या बॉक्स हिलला जातो. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या शर्यतीत हा चढ नऊ वेळा होता. मला तो एकदाही न थांबता जमेना. धापा टाकत वळणावर उभा राहिलो की सल्ले सुरू! "तोंड बंद ठेव, फक्त नाकानं घे." "चार पेडलला श्वास आत, चार पेडलला बाहेर." "चढाआधी भस्त्रिका कर, ऑक्सिजन साठतो." एकानं तर चालत्या सायकलवर कुंभक करायला सांगितला. सगळ्यांचं शेवटचं वाक्य एकच : "अरे, आपल्या पूर्वजांनी हे सगळं आधीच सांगून ठेवलंय!"

मी आठ महिने हे सगळं केलं. दम कमी झाला नाही, उलट थंडीत छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. शेवटी बायकोनं जीपीकडे पाठवलं. तपासण्या झाल्या आणि कळलं, व्यायामानं उसळणारा दमा आहे. आता सायकल काढण्याआधी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे इन्हेलर घेतो आणि चढ चढतो. आठ महिने ज्याला मी माझी 'चूक' समजत होतो, तो आजार होता.

म्हणून या सल्ल्यांचा हिशेब मांडतो. विश्रांतीत आपण मिनिटाला साधारण ६ ते ८ लिटर हवा घेतो, जोरदार चढावर सराव असलेल्यांची गरज १०० लिटरच्याही वर जाते. एवढी हवा नाकातून कशी जाणार? सपाट रस्त्यावर नाकानं श्वास जरूर घ्यावा, हवा गरम आणि ओलसर होऊन आत जाते. पण चढावर तोंड उघडणं हा पराभव नाही, ती शरीराची गरज आहे.

दुसरं, ऑक्सिजन 'साठवण्याचं'. निरोगी माणसाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन बसल्याजागीच ऑक्सिजननं ९५ टक्क्यांच्या वर भरलेलं असतं. भरलेल्या हंड्यात आणखी किती ओतणार? भराभर खोल श्वास घेतले तर कार्बन डायऑक्साइड तेवढा घटतो, त्यानं मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. दोन चाकांवर हे धोक्याचं आहे. आणि श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः हा वायू वाढल्यामुळे. पाय तो भराभर तयार करत असताना कुंभक करणं म्हणजे घंटा वाजत असताना कान बंद करणं.

राहिला पूर्वजांचा मुद्दा. पतंजलींच्या योगसूत्रांत प्राणायाम येतो तो आसन स्थिर झाल्यानंतर. सायकलचं सीट म्हणजे स्थिर आसन नव्हे, मंडळी! हठयोगप्रदीपिका तर बजावते की प्राण हळूहळू वश करावा, नाहीतर साधकालाच अपाय होतो. आणि १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद योगक्रिया प्रयोगशाळेत तपासून पाहत होते. आपला वारसा हा असा तपासण्याचा आहे, व्हॉट्सअ‍ॅपवर ढकलण्याचा नाही.

मी प्राणायामाच्या विरोधात नाही. रोज सकाळी घरी चटईवर बसून करतो, मन शांत होतं. पण चढावर मला उपयोगी पडल्या त्या साध्या गोष्टी : दम लागायच्या आधीच हलका गिअर, कोपर सैल, हात हँडलच्या वरच्या भागावर म्हणजे पोट दबत नाही, श्वास पोटापर्यंत आणि बाहेर सोडताना पूर्ण. शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर वेग बेताचा, दोनच शब्द निघत असतील तर जास्त. पेडल मोजायची गरज नाही.

आता रागाचं खरं कारण. आपल्या दक्षिण आशियाई लोकांत हृदयविकार जास्त आणि तुलनेनं लवकर येतो, आणि कधीकधी त्याची पहिली खूण म्हणजे नेहमीच्याच चढावर अचानक जास्त दम लागणं. माझा दमाच निघाला, हे माझं नशीब. पुढच्या माणसाचं हृदय असू शकतं, आणि आपण त्याला नाकपुड्या मोजायला लावू.

तेव्हा या वर्षी एवढंच करा. आपल्यातला कुणी धापा टाकत थांबला तर त्याला आधी विचारा, "काका, छातीत दडपण आहे का? जबडा किंवा हात दुखतोय का? शिट्टी वाजते का?" दडपण किंवा दुखणं असेल तर लगेच ९९९ फिरवा. नुसता दम वारंवार लागत असेल तर त्याच आठवड्यात जीपीची वेळ घ्या, आणि तो टाळत असेल तर सोबत जा. श्वास कसा घ्यायचा ते नंतर शिकवा. माथ्यावर चहा पिताना भरपूर वेळ असतो.