मुळ्याचा फुलोरा

थंडी सरत आली आणि कुंडीतल्या मुळ्यांमधून उंच दांडे वर आले की घरातील कर्ती मंडळी म्हणतात, "हे आता जून झाले, उपटून टाकू." हे म्हणणे अर्धेच खरे आहे. कंद खाण्याजोगा उरत नाही. त्यात साठलेले सत्त्व फुलोऱ्याच्या कामी लागते आणि तो दोरकट होतो. तरीही तीन-चार मुळे आग्रहाने राखून ठेवावेत. एकाने भागत नाही. मुळ्याचे फूल स्वतःच्या परागाने सहसा फळत नाही. त्याला शेजारच्या झाडाचे पराग लागतात आणि ते आणून देणारी मधमाशीही.

कुंडी जमिनीवरच असू द्यावी. दांडा कमरेच्या वर वाढतो, त्यामुळे खुर्चीत बसलेल्यांच्या डोळ्यांसमोर फुले येतात. ऊन जरा तापले की त्या पांढऱ्या-जांभळट, चार पाकळ्यांच्या फुलांवर सातेरी आणि इवल्या फुलोरी माश्या येऊ लागतात. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची एखादी माशी हवेत जागच्या जागी थबकलेली दिसली, तर तिला गांधीलमाशी समजून हाकलू नये. ती सिरफिड माशी. तिला नांगीच नसते. तिच्या अळ्या मावा खातात. म्हणून शेंड्यावर थोडा मावा दिसला तरी फवारणीची घाई करू नये, तो त्या अळ्यांचाच आहार आहे.

शुश्रूषा करणाऱ्यांनी मात्र कुंडी जाण्यायेण्याच्या वाटेत ठेवू नये आणि वडीलधाऱ्यांना तेथे अनवाणी फिरू देऊ नये. फुलावर बसलेली मधमाशी डिवचल्याखेरीज सहसा डसत नाही. डसलीच, तर नांगी नखाने चटकन खरवडून काढावी. दंशानंतर चेहरा सुजला वा श्वास लागला, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. पूर्वी असा त्रास झालेल्यांनी हा छंद खिडकीआडूनच जोपासलेला बरा.

गाजरही असेच फुलते, पण विलायती वाणाला त्यासाठी कडक थंडी लागते. कोकणात त्याच्या नादी न लागणे उत्तम.

फुले गळाली की डिंगऱ्या धरतात. वाकवताच कट्कन मोडतील अशाच खुडाव्यात. दात अधू असणाऱ्यांना जून डिंगरी चावत नाही. भाजी वाफेवर नीट शिजवावी. दोन-चार शेंगा बियाण्यासाठी झाडावरच वाळू द्याव्यात. त्या हाताने सहजी फुटत नाहीत, कापडात गुंडाळून वरून लाटणे फिरवावे.