सिनेमा थांबवू नका, मॅडम

या टर्मला इंग्रजीच्या तासाला सिनेमा शिकवणार असे कळले, तेव्हा आमच्या वर्गाने बाके वाजवली होती. पहाटेची पी.टी., मग परेड, मग नाश्ता करून आलेल्या मुलांसाठी इंग्रजीचा तास म्हणजे झोपेशी लढाई. आई-बाबांना हे पटणार नाही, पण आमच्या इन्स्ट्रक्टर सरांना चांगले ठाऊक आहे. बाके वाजवणाऱ्यांत मी पुढे होतो, तेव्हा आता तक्रारही मीच करतो. मॅडमना मराठी येत नाही, पण मराठी पान तपासणारे सर त्यांना सांगितल्याशिवाय राहणार नाहीत.

सिनेमा होता 'ट्वेल्व्ह अँग्री मेन'. १९५७ सालचा, ब्लॅक अँड व्हाइट, सिडनी ल्युमेट या दिग्दर्शकाचा पहिलाच चित्रपट. लांबी ९६ मिनिटे. शनिवारी ऑडिटोरियममध्ये लावला असता तर एका बैठकीत संपला असता. आम्हाला सात तासिका लागल्या. दर दोन-तीन मिनिटांनी मॅडम पॉज करायच्या, दिवे लागायचे आणि आम्ही वर्कशीट भरायचो. शॉट कोणता, कॅमेरा कुठे, परिणाम काय. परिणामासाठी एक तक्ताच दिला होता. लो अँगल म्हणजे सत्ता, हाय अँगल म्हणजे दुबळेपणा, क्लोज-अप म्हणजे भावना. पाढे पाठ करावेत तसा तो आम्ही प्रेपमध्ये पाठ केला.

आता गोष्ट ऐका. अठरा वर्षांच्या एका गरीब मुलावर वडिलांचा चाकूने खून केल्याचा आरोप आहे. ज्युरीतले बारा जण उकाड्यात एका खोलीत बसलेत, पंखाही चालत नाही. सगळ्यांचे एकमत होऊन मुलगा दोषी ठरला तर त्याला मृत्युदंड नक्की. पहिल्या मतदानात अकरा हात 'दोषी' म्हणून वर जातात. आठव्या क्रमांकाचा माणूस एकटा 'नाही' म्हणतो. मुलगा निर्दोष आहे असे तो म्हणत नाही. आपल्याला खात्री नाही, निदान बोलू तरी, एवढेच त्याचे म्हणणे. पुरावा म्हणून आलेला चाकू अगदी वेगळा आहे, तसा दुसरा मिळणार नाही, असे बाकीचे सांगत असतात. तेवढ्यात तो खिशातून हुबेहूब तसाच चाकू काढून टेबलात रोवतो. आणि इथे पॉज! सगळा वर्ग ओरडला. मॅडम म्हणाल्या, "कॅमेरा कुठे आहे ते लिहा."

तरीही एक गोष्ट मी मान्य करतो. त्या तक्त्यामुळेच मी कॅमेऱ्याकडे बघायला लागलो. सुरुवातीला कॅमेरा माणसांच्या नजरेच्या वर असतो. मग हळूहळू खाली येत जातो, आणि शेवटी शेवटी खोलीचे छत दिसू लागते. मला वाटले, आता यांना बाहेर पडायला जागाच उरली नाही, वरूनही खोली बंद झाली. परीक्षेत मी तेच लिहिले. चारपैकी एक गुण. शेरा होता, 'लो अँगल = सत्ता'. नंतर लायब्ररीत ल्युमेटच्या स्वतःच्या पुस्तकात वाचले, तर खोली आवळत जावी, छतही अंगावर यावे, म्हणूनच त्याने कॅमेरा खाली आणला होता. पुस्तक घेऊन मॅडमकडे गेलो. त्यांनी ते नीट वाचले आणि म्हणाल्या, "उत्तरपत्रिका सगळ्यांच्या सारख्याच तपासाव्या लागतात." गुण गेल्याचे मला फार वाटले नाही. डोळ्यांनी पाहिलेले खोटे आणि तक्त्यातले खरे, हे मात्र अजून खुपते.

ज्युरी म्हणजे काय, आपल्याकडे ती आहे का, हेही सात तासांत कोणी विचारले नाही. रविवारच्या फोनवर बाबांना विचारले. त्यांनी नौदलाचे कमांडर नानावटी यांचा खटला सांगितला. १९५९, मुंबई. नऊ जणांच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक अशा मतांनी त्यांना निर्दोष ठरवले. न्यायाधीशांना ते पटले नाही आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. तिथे ते दोषी ठरले. आता आपल्याकडे ज्युरी नाही. तो नववा माणूस त्या खोलीत कसा बसला असेल, याचा विचार मी नंतर बरेच दिवस करत होतो. एका कॅडेटसाठी यापेक्षा चांगला इंग्रजी निबंधाचा विषय कोणता?

पण मला खरे बोलायचे होते ते वेगळेच. सिनेमात आठव्या क्रमांकाचा माणूस म्हणतो, तुम्ही अकरा जण गुप्त मतदान करा. अजूनही सगळे 'दोषी' म्हणालात तर मी तुमच्याबरोबर. एक चिठ्ठी 'निर्दोष' निघते. ती सगळ्यात म्हाताऱ्या माणसाची असते.

आठवीत असताना आमच्या डॉर्ममध्ये एकाचे घड्याळ हरवले. संशय नुकत्याच आलेल्या मुलावर गेला. कारण काय, तर तो नवीन होता. एक जण म्हणाला, आधी नीट शोधू तरी. त्याच्या बाजूने दुसरा कोणी बोलला नाही. मीही नाही. तीन आठवडे त्या नवीन मुलाशी कोणी बोलले नाही. मग घड्याळ ट्रॅकसूटच्या खिशातून धोब्याकडून परत आले. विषय संपला, माफी कोणी मागितली नाही.

त्या म्हाताऱ्याची चिठ्ठी निघाली तेव्हा मला हे आठवले. बोलायला हात वर करणार, तोच पॉज आणि पुढचा रकाना. वर्गातल्या निम्म्या मुलांना ते घड्याळ आठवले असणार, कारण ती त्याच डॉर्ममधली आहेत. हे इथे लिहू का, असे मी त्या मुलाला विचारले आणि त्याच वेळी सॉरीही म्हटले. तो हसला. म्हणाला, "दो साल बाद?" मग म्हणाला, लिही.

पुढच्या टर्मला दुसरा सिनेमा आहे म्हणतात. माझी विनंती एवढीच, पहिल्यांदा तो शनिवारी ऑडिटोरियममध्ये सलग दाखवा, लाइट्स आउटला अर्धा तास उशीर झाला तरी चालेल. सोमवारी पहिला तास नुसते बोलू द्या. मग हवा तितका पॉज करा, वर्कशीट मी पूर्ण भरीन.